दहा वाघ म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे

ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून सकाळची सफारी करून बाहेर आलेल्या छायाचित्रकाराला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हेड-ऑन मिळाला का?’ समोरून चालत येणारा, डोळ्यांत डोळे घालणारा वाघ मिळाला की दिवस सार्थकी लागला. चंद्रपूर आणि गडचिरोलीत आज उत्तम कॅमेरे आहेत, जंगल ओळखणारी तरुण मुले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना आपल्या कामावर कुणीतरी अधिकाराने शिक्कामोर्तब करावे असे वाटते. मग नजर वळते लंडनमध्ये १८५३ साली स्थापन झालेल्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या पदव्यांकडे : लायसेन्शिएट, असोसिएट, फेलो. (ही वाट आपल्याला परकी नाही. लंडनपाठोपाठ १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते.) अर्ज करताना मात्र बहुतेक जण त्याच हेड-ऑनच्या हिशेबाने जातात. घोटाळा तिथेच होतो.

‘आपले सर्वांत चांगले दहा फोटो निवडले की झाले’

लायसेन्शिएटला दहा छायाचित्रे लागतात, असोसिएटला पंधरा. पण परीक्षक दहा सुटी छायाचित्रे तपासत नाहीत, दहांचा मिळून एक संच तपासतात. छायाचित्रांबरोबर मांडणीचा आराखडाही द्यावा लागतो : वरच्या ओळीत कोणती, खालच्या ओळीत कोणती, कुठल्या क्रमाने. आधी सगळा संच एकत्र समोर येतो, मग एकेक छायाचित्र. त्यामुळे स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवलेला फोटो संचात बसत नसेल, तर तो काढावा लागतो. हे पचवणे जड जाते, पण दुसरा इलाज नाही.

लायसेन्शिएटच्या पातळीवर विषयाचे बंधन नाही. कॅमेऱ्यावरची पकड, प्रकाशाची समज, चौकटीची जाण आणि काहीतरी सांगण्याची ताकद, हे सगळे वेगवेगळ्या प्रसंगांत दिसले पाहिजे. दहाच्या दहा वाघ असतील, तर तुम्ही एकच गोष्ट दहा वेळा सिद्ध केलीत. जिप्सीतल्या त्याच उंचीवरून, त्याच लांब लेन्सने, मागची झाडी तशीच धूसर करून. वाघ बदलला, छायाचित्रकाराचे काम बदलले नाही.

त्याऐवजी असा संच डोळ्यांसमोर आणा. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, अगदी जवळून. ताडोबा तलावावरचे पहाटेचे धुके. पाणवठ्यावर झुंजणारी रानकुत्री, वेग गोठवलेला. चंद्रपूरच्या जटपुरा गेटच्या कमानीतून जाणारी संध्याकाळची गर्दी, वेग मुद्दाम पुसट ठेवलेला. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या कृष्णधवल. मोहफुले वेचणारा हात. एका गाईडचे, खिडकीच्या उजेडातले व्यक्तिचित्र. आणि एक वाघ, असलाच तर. यातले प्रत्येक छायाचित्र वेगळे कौशल्य दाखवते, आणि सगळी मिळून एका माणसाची नजर दाखवतात.

क्रम लावण्यासाठी संगणकाचा पडदा पुरत नाही. गावातल्या स्टुडिओतून पोस्टकार्ड आकाराच्या प्रती काढाव्यात आणि जमिनीवर पाच-पाचच्या दोन ओळींत मांडाव्यात. डाव्या टोकाचे हरीण बाहेर डावीकडे बघत असेल, तर बघणाऱ्याची नजर संचाबाहेर जाते. ते उजव्या टोकाला न्या, आत बघू लागेल. फार उजळ छायाचित्र कोपऱ्यात असले की तोल जातो. दोन उभ्या चौकटी दोन बाजूंना समोरासमोर ठेवल्या की संच सावरतो. हे सगळे एका बैठकीत जमत नाही. प्रती आठवडाभर जाता-येता दिसतील अशा ठेवल्या की जे खुपते ते आपोआप कळते.

‘जंगलात काढलेला प्राण्याचा फोटो म्हणजे निसर्ग विभाग’

या दोन जिल्ह्यांतल्या छायाचित्रकारांना सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. रॉयल फोटोग्राफिक सोसायटी, आंतरराष्ट्रीय महासंघ फियाप आणि फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका या तिघांनी मिळून निसर्ग छायाचित्राची एक व्याख्या मान्य केली आहे, आणि ती कडक आहे. चौकटीत माणसाची खूण नको, अपवाद ती त्या निसर्गकथेचाच अविभाज्य भाग असेल तेव्हाचा. मूळ दृश्यात काही घालायचे नाही, आणि कातरण्याखेरीज काही काढायचे नाही. वाघाच्या तोंडावर आडवी आलेली बांबूची काडी सॉफ्टवेअरने पुसली, तर छायाचित्र बाद.

मोहर्लीहून ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. त्या खांबाशेजारी उभा वाघ ही ताडोबाची ओळखच म्हणावी लागेल. इतिहास आणि जंगल एका चौकटीत! निसर्ग विभागाच्या काटेकोर निकषावर मात्र खांब ही माणसाची खूण ठरते. डांबरी रस्त्यावरचा वाघ आणि मागे जिप्सी असलेला वाघ यांचेही तेच. २०२४ मध्ये निमढेला बफरमध्ये भानुसखिंडी वाघिणीच्या बछड्याने पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरली आणि ते दृश्य देशभर फिरले. माझ्या मते अलीकडच्या काळातले ताडोबाचे ते सर्वांत महत्त्वाचे दृश्य आहे. पण त्याची जागा निसर्ग विभागात नाही, वृत्तचित्रणाच्या विभागात आहे. विभाग चुकला, तर चांगले कामही वाया जाते.

उलट, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ चालतो. शास्त्रीय अभ्यासासाठी लावलेल्या कॉलर आणि पायातली कडी व्याख्येत मान्य आहेत. कॉलर दिसते म्हणून फोटो बाजूला टाकणारे किंवा ती पुसण्याच्या मागे लागणारे, दोघेही नाहक नुकसान करून घेतात. पुसलेली कॉलर हाच खरा नियमभंग.

वन्यजीव म्हणून सादर करायचे असेल, तर प्राणी मुक्त हवा. हेमलकशातल्या आमट्यांच्या प्राणी अनाथालयातला बिबट्या किंवा कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधली हत्तीण त्यात बसत नाही. छत्तीसगडमधून २०२१ मध्ये गडचिरोलीत उतरलेला रानटी हत्तींचा कळप बसतो. मात्र त्या कळपामागे कॅमेरा घेऊन पायी जाणे हा जिवाशी खेळ आहे, आणि ज्या शेतकऱ्यांचे धान तुडवले गेले त्यांच्या रात्रीच्या जागरणात आणखी एक ताप. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या निसर्ग छायाचित्रकारांसाठीच्या आचारसंहितेचा पाया साधा आहे : छायाचित्रापेक्षा प्राण्याचे हित मोठे. घरट्यासमोरच्या फांद्या तोडून काढलेला फोटो कितीही स्पष्ट असो, जाणकाराला उघडे पडलेले घरटे लगेच कळते.

‘गडचिरोलीत वाघाची सफारी नाही, मग फोटो कशाचे काढणार?’

असोसिएटसाठी पंधरा छायाचित्रांबरोबर एक हेतुनिवेदन लागते, जास्तीत जास्त दीडशे शब्दांचे. पंधरा छायाचित्रांनी ते निवेदन खरे करून दाखवायचे असते. अशा कामाला गडचिरोलीइतकी श्रीमंत जमीन मला दुसरी दिसत नाही. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, त्या काठावरचे मासेमार. आलापल्लीचे राखून ठेवलेले जुने सागवान. आणि तेंदू.

तेंदूचा हंगाम उन्हाळ्यात, मोजक्या दिवसांचा. उजाडण्याआधी घरातली माणसे जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानांचे ओझे घेऊन परततात. मग ओसरीवर बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी पुडकी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, जातात, मोजली जातात, उन्हात वाळायला रांगेने मांडली जातात. अनेक गावांत आता ग्रामसभाच लिलाव करते. पहाटेचा अंधार, दुपारची ओसरी, फळीवरच्या हिरव्या-तपकिरी रांगा, हिशेबाची वही : पंधरा छायाचित्रांचा क्रम कामाने स्वतःच लावून दिला आहे.

‘आदिवासींचे निसर्गाशी असलेले अतूट नाते मला दाखवायचे आहे,’ असे निवेदन कुणी लिहिले, तर ते कशालाही लागू पडेल, म्हणून कशालाच लागू नाही. ‘तेंदूचे पान झाडावरून फळीवर पोचेपर्यंत एका बाईचा दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मी दाखवतो,’ असे लिहिले की परीक्षकाच्या हातात मोजपट्टी आली. ती छायाचित्रकाराच्याही हातात येते : कुठला फोटो ठेवायचा आणि कुठला काढायचा हे मग भांडण उरत नाही.

आणि एक मनापासून सांगायचे आहे. माडिया आजीचा गोंदलेला, सुरकुतलेला चेहरा जवळून टिपायचा आणि खाली नावही लिहायचे नाही, हे थांबले पाहिजे. तिला विचारावे, छापलेली प्रत तिच्या घरी नेऊन द्यावी. तिच्या हाताला काम आहे, घराला दार आहे, शेजारीण आहे. ते सगळे चौकटीत आले, तर छायाचित्रही दसपट चांगले होते.

‘सलोनमध्ये भरपूर स्वीकृती मिळाल्या, म्हणजे पदवी मिळालीच’

हे दोन वेगळे रस्ते आहेत. फियापच्या सुरुवातीच्या पदव्या वेगवेगळ्या देशांतल्या सलोनमध्ये, म्हणजे स्पर्धात्मक छायाचित्र प्रदर्शनांत, किती छायाचित्रे स्वीकारली गेली, या हिशेबावर मिळतात. तिथे एकेक छायाचित्र काही क्षणांत नजरेत भरावे लागते. संचाच्या मूल्यांकनात तेच छायाचित्र शेजारच्या नऊ किंवा चौदा छायाचित्रांबरोबर बराच वेळ पाहिले जाते. सलोनमध्ये चमकणारे गडद रंग तिथे डोळ्यांना टोचू लागतात.

‘लेन्स महाग असली की फोटो स्पष्टच येतो’

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींत दुपारी शंभर मीटरवरचा वाघ कोणत्याही लेन्समधून विरघळल्यासारखाच दिसतो, आणि सॉफ्टवेअरने धार वाढवली की केसांच्या जागी खरखर येते. मोबाइलवर ती दिसत नाही. मोठ्या प्रतीवर लपत नाही. उपाय एकच : सकाळचा पहिला तास, आणि अंतर कमी असलेलीच छायाचित्रे निवडणे. बांबूच्या सावलीत प्राण्यांच्या पांढऱ्या भागावर चढणारी हिरवट झाकही छापायच्या आधी तपासावी, कारण संचातल्या एकाच छायाचित्राचा पांढरा रंग वेगळा पडला की तेच आधी दिसते.

‘एकदा नापास झालो की संपले’

संच थोडक्यात हुकला असेल, तर काही छायाचित्रे बदलून पुन्हा सादर करण्याची शिफारस होऊ शकते. अर्जाआधी सोसायटीच्या जाणकारांकडून संचावर सल्लाही घेता येतो, आणि तो घ्यावाच. घरच्यांचे आणि ग्रुपवरच्या मित्रांचे कौतुक इथे उपयोगी पडत नाही.

फक्त आपल्याकडे बदली छायाचित्र मिळवायला ऋतूची वाट पाहावी लागते. मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो, तेंदूची फळी मे संपता संपता रिकामी होते, पावसाळ्यात ताडोबाचा कोअर बंद असतो. म्हणून पंधराच्या संचासाठी त्याच हंगामात, त्याच विषयाची आणखी पाच-सात छायाचित्रे काढून ठेवावीत. बदलायला सांगितले तर वर्ष जात नाही.