पायांखालची नहर

कालव्यांच्या शहरात जावे, पाण्याच्या गल्लीतून नाव सरकावी, असे कविता लिहिणाऱ्याला एकदा तरी वाटतेच. माझी पत्नी तर व्हेनिसचे चित्र असलेले कॅलेंडर अजून जपून आहे. पण सरड्याची धाव कुंपणापर्यंत! अर्जुनी मोरगावहून आम्ही पोचलो ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला.

'इथे कालवे कुठे आहेत?' तिने विचारले.

'पायांखाली,' मी म्हणालो.

हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने 1610 मध्ये खडकी हे शहर वसवले आणि त्याला पाणी देण्यासाठी नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात झिरपणारे पाणी भुयारात गोळा करायचे आणि नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणायचे, अशी ही योजना. ना मोट, ना रहाट. पुढे आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच. खापरी नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळे. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांचे, यात्रेकरूंचे दळण होई. हौदाखालीच एक दालन आहे. डोक्यावर पाणी आणि आपण गारव्यात उभे! व्हेनिसमध्ये पाणी डोळ्यांना दिसते. इथे ते मनात ऐकावे लागते. मला तरी यातच जास्त प्रणय वाटला.

मात्र मनाला चुटपुट लागते. आज याच शहरासाठी जायकवाडीचे पाणी पंपांनी चढवून आणावे लागते, आणि जुन्या नहरी मात्र ठिकठिकाणी फुटल्या, बुजल्या. जे पाणी दिसत नाही, त्याची आठवण कोण ठेवणार?

आमच्याकडेही कालव्याला नहरच म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या यांच्या मुलखात इटियाडोहची नहर धानाच्या बांध्यांना पाणी देते. परतल्यावर त्या नहरीवरून जाताना पत्नी थांबली. 'इतकी वर्षं इथून जातो आपण, पण हे पाणी निघतं कुठून, ते कधी पाहिलंच नाही,' ती म्हणाली.

पुढच्या रविवारी डबा बांधून आम्ही दोघे गाढवी नदीवरच्या धरणाकडे निघालो. कॅलेंडर अजून भिंतीवर आहे.