दवंडीला प्रश्न विचारता येत नाही

श्रोतेहो, मी शेंद्र्याचा. आज आमच्या शिवारात औद्योगिक वसाहत आहे, कारखान्यांच्या पाळ्या सुटतात. वडिलांच्या लहानपणी मात्र सरकारची बातमी गावाला कळायची ती दवंडीने. हलगी वाजली की माणसं ओट्यावर यायची, हुकूम ऐकायची आणि मुकाट घरात जायची. वडील म्हणायचे, "बेटा, दवंडी फक्त ऐकायची. तिला प्रश्न विचारता येत नाही."

लोकशाहीत वर्तमानपत्र आणि आकाशवाणी कशासाठी, याचं उत्तर या वाक्यातच आहे. वरचा हुकूम खाली येतो ती दवंडी. खालचा प्रश्न वर पोहोचतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं, ती लोकशाही.

मराठवाड्याने हे किंमत मोजून शिकलं. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. टीका करणाऱ्या पत्राला तिथे थारा नव्हता. म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक पुण्याहून काढलं. बंदी आली की ते नवं नाव घेऊन निघे. खुद्द हैदराबादेत शोएबुल्ला खान हे तरुण संपादक 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवत. संस्थान भारतात विलीन व्हावं, रझाकारांचे अत्याचार थांबावेत, असं ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या, हात तोडला. १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं, ते पाहायला शोएबुल्ला नव्हते.

वडील त्यांचं नाव हळू आवाजात घेत. लिहिणारा मुसलमान, मारणारेही मुसलमान! परक्यांविरुद्ध लिहिलं तर टाळ्या मिळतात. आपल्याच माणसांना न रुचणारं खरं लिहिणं अवघड. मुशायऱ्यात उभा राहिलो की टाळ्यांचा मोह मलाही होतो.

१९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या कलम १९ मध्ये वृत्तपत्रांना वेगळं स्वातंत्र्य दिलेलं नाही. प्रत्येक नागरिकाला जे भाषणस्वातंत्र्य आहे, त्यातूनच वृत्तपत्राचं स्वातंत्र्य येतं. म्हणजे संपादकाचा हक्क हा तुमचा-माझाच हक्क. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली, 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले, तेव्हा तोंड बंद झालं ते वाचकाचंही. पुढे २००५ साली माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा आला. साधा अर्ज करा, ३० दिवसांत सरकारी कचेरीने उत्तर द्यायचं. प्रश्न विचारायला आता पत्रकारच असावं लागत नाही.

तरीही दवंडी परत आली आहे, मोबाइलमधून. मागे एका सणाच्या आदल्या रात्री आमच्याच लोकांच्या गटावर एक चित्रफीत आली. पाहून कुणाचंही रक्त तापावं अशी. मी विचारलं, "ही कुठली? कधीची? कुणी काढली?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने लिहिलं, "चाचा, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?"

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. शोएबुल्लांना हाच प्रश्न किती जणांनी विचारला असेल! सकाळी पाहिलं, तर ज्या पोराने चित्रफीत पाठवली होती, त्यानेच ती काढून टाकली होती. खाली त्याने लिहिलं होतं, "कुठली ते मलाही माहीत नाही, चाचा."

श्रोतेहो, आमच्या गटावर त्या दिवशी दवंडीची बातमी झाली, असं मला वाटतं.