आयआयटीची जागा आणि मुलाची योग्यता

2024 च्या जूनमध्ये आयआयटी प्रवेशाच्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेचा निकाल जाहीर झाला, त्या दुपारी माझी भाची मोबाईल पालथा ठेवून आजीशेजारी गवारीच्या शेंगा निवडावयास बसली आणि बराच वेळ एक अक्षरही बोलली नाही. ती उत्तीर्ण झाली होती. परंतु तिच्या रँकवर कोणत्याही आयआयटीत जागा मिळण्याचा संभव नव्हता, आणि वडीलधाऱ्यांनी ‘पोरगी कमी पडली’ असा फैसला परस्पर करून टाकला होता.

हा फैसला आकड्यांपुढे टिकत नाही. त्या वर्षी सुमारे 14 लाख विद्यार्थी आधीच्या पायरीला, म्हणजे जेईई मेन परीक्षेला बसले. त्यांतील वरच्या अडीच लाखांना ॲडव्हान्स्डची परवानगी मिळाली, 1,80,200 जणांनी तिचे दोन्ही पेपर दिले आणि 48,248 जण पात्र ठरले, तेव्हा 23 आयआयटींतील एकूण जागा होत्या 17,740. परीक्षा घेणाऱ्यांनीच ज्यांच्या पात्रतेवर शिक्कामोर्तब केले, अशा तीस हजारांहून अधिक मुलामुलींसाठी तेथे जागाच नव्हती. गुणांच्या ज्या पट्ट्यात परीक्षार्थींची दाटी असते, तेथे एका गुणाच्या फरकाने शेकडो रँक सरकतात. त्या एका गुणाला बुद्धीचे माप समजणे हा मुलांवर उघड अन्याय आहे.

जेईई मेनच्या निकालातील पर्सेंटाइलविषयीचा घोळही असाच. 99 पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी 99 गुण नव्हेत. 99 टक्के परीक्षार्थी आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, इतकाच त्याचा अर्थ, आणि 14 लाखांतील उरलेला एक टक्का म्हणजे पुढे उभी असलेली सुमारे 14,000 मुले होत.

सर्वांत अधिक नुकसान मात्र प्रवेशासाठी भरावयाच्या पसंतीक्रमाविषयीच्या गैरसमजाने होते. अवघड जागा प्रथम लिहिली आणि ती हुकली, तर दुसऱ्या पसंतीवरचा हक्कही जातो, या भीतीने कित्येक घरी मुलांची खरी आवड यादीत खाली ढकलली जाते. वस्तुतः 2015 पासून चालत आलेली ‘जोसा’ या संयुक्त जागावाटप प्राधिकरणाची पद्धत गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्ये मांडलेल्या तत्त्वावर उभी आहे: पहिल्या पसंतीच्या ठिकाणी नकार मिळालेला विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी आपल्या रँकच्या पूर्ण अधिकारानिशी उभा राहतो, प्रथम तेथेच अर्ज केलेला कमी रँकचा उमेदवार त्याच्या आड येऊ शकत नाही. म्हणून मन सांगेल तोच क्रम लिहावा. जपावयाची ती मुदत, कारण मिळालेली जागा वेळेत स्वीकारली नाही, तर हक्क जातो.

‘आणखी दोन-तीन वर्षे बसव’ हा शेजारचा सल्लाही नियमाला धरून नाही. ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. आणि आयआयटी हुकली म्हणजे विद्येचे दार बंद झाले असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर 1966 मध्ये रासायनिक अभियंता झाले ते मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटी या संस्थेतून, जी आज आयसीटी म्हणून ओळखली जाते.

राहिले दुःख. मुलाला लगेच कामाला जुंपून ते घालवावे, हा घरोघरचा समज मला फार घातक वाटतो. दोन वर्षांच्या पहाटा ज्याने एका गोष्टीपायी वेचल्या, त्याला काही दिवस तरी ते दुःख मोकळेपणी भोगू द्यावे. झोप आणि जेवण तुटले, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा ओठी आली, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता मुलाजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तेथे अहोरात्र आणि मराठीतूनही बोलता येते.

आजीने त्या दुपारी रँक विचारली नाही. आलेल्या नातेवाइकांना तिने दारातूनच चहा पाजून वाटेला लावले आणि निवडलेल्या शेंगांची परात उचलून नातीला स्वयंपाकघरात बोलावले. चौथ्या दिवशी भाचीने आपण होऊन राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेरीची माहितीपुस्तिका उघडली.