ओव्हरटाइम बंद, पगार लांबला... अशा दिवसांत कामावरची उमेद टिकवायची कशी?

कंपनीची ऑर्डर घटली की पहिला फटका ओव्हरटाइमला बसतो. मग तीन पाळ्यांच्या दोन होतात, आठवड्यातली एखादी सुट्टी वाढते आणि शेवटी ठेकेदाराच्या माणसांना ‘ब्रेक’ मिळतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या गावाकडच्या पोरांना हा क्रम पाठ आहे. इचलकरंजी, मालेगावकडे यंत्रमागावर मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, त्यामुळे माग थांबला की मजुरीही थांबली.

अशा वेळी कुणीतरी सांगतं, ‘टेन्शन घेऊ नको, पॉझिटिव्ह राहा.’ पण गाडीचा हप्ता, पोरांची फी आणि किराणा दुकानातली उधारी सुविचारावर भागत नाही. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हे नीट उमगलं तरच उमेद टिकते.

मन खचतं कसं?

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं एक गाव आहे. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. १९३० च्या सुमारास जागतिक मंदीत ती गिरणी बंद पडली. काही संशोधकांनी तिथे राहून लोकांचं जगणं नोंदवलं. १९३३ मध्ये छापलेला त्यांचा अभ्यास आजही वाचला जातो.

त्यांना दिसलं ते उलटंच होतं. लोकांकडे वेळ भरपूर होता, पण वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्याने सावकाश चालायचे, जागोजागी थांबायचे. दिवसभर काय केलं हे विचारलं तर सांगता येत नव्हतं. बायका मात्र झपझप चालत होत्या, कारण स्वयंपाक, धुणं, लेकरं ही कामं सुटली नव्हती.

यातून कळतं ते असं, की कामातून पगाराबरोबर दिवसाची घडीही मिळते. ती घडी मोडली की माणूस आतून ढिला पडतो. म्हणून पाळी कमी झाली तरी उठण्याची वेळ बदलू नका. सुट्टीचा दिवस मोबाईलवर घालवण्यापेक्षा शेतातलं, गोठ्यातलं, घरातलं एखादं काम आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

अफवा नको, खरी खबर घ्या

‘कंपनी बंद होणार’ असा मेसेज ग्रुपवर फिरला की सगळ्या लाईनचा हात ढिला पडतो. तो पुढे पाठवण्याआधी सुपरवायझरला, एचआरला किंवा युनियनच्या माणसाला थेट विचारा. पुढच्या महिन्यात ऑर्डर किती आहे, आपल्या लाईनला काम आहे का, एवढं कळलं तरी बरंचसं ओझं उतरतं. वाईट बातमी असली तरी ती आधी कळलेली बरी. तयारीला वेळ मिळतो.

हक्क माहीत असले की भीती कमी होते

कामगाराला धीर देणाऱ्या काही साध्या गोष्टी आहेत.

• महिन्याचा पगार साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा. मंदी आहे म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडत नाही.

• ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ‘ठेकेदार पळाला, आमचा संबंध नाही’ असं कंपनीला म्हणता येत नाही.

• पीएफ कापला जात असेल तर तो भरला जातो का, हे उमंग ॲपवर पासबुकात बघा. तुमच्या हिश्शाइतकीच रक्कम मालकालाही भरावी लागते. मागच्या महिन्याचा भरणा १५ तारखेपर्यंत व्हायला हवा.

• हजेरीचा फोटो, पगाराची चिठ्ठी, गेटपास जपून ठेवा. पैसे अडकले तर जिल्ह्यातल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात हेच कागद कामी येतात.

शक्यतो दोन-चार जणांनी मिळून जा. एकट्याचा आवाज दबतो.

हप्ता थकण्याआधी बँकेत जा

माणसाला रात्रभर जागं ठेवतो तो हप्ता. लपवून ठेवला की तो मनात आणखी मोठा होतो. कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीएत जातं. म्हणून पहिला हप्ता चुकणार असं दिसताच शाखेत जाऊन अडचण सांगा आणि मुदत वाढवून मिळेल का, हप्ता कमी होईल का, ते विचारा. तसा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करून त्रास देता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘पाच मिनिटांत कर्ज’ देणाऱ्या अनोळखी ॲपच्या नादी तर अजिबात लागू नका. मोबाईलमधले नंबर आणि फोटो त्यांच्या हाती गेले की छळ सुरू होतो.

घरातही लपवू नका. बायको, आई-वडील, कळत्या वयाची पोरं यांना एकदा बसवून या महिन्यात किती येणार आणि कुठे जाणार हे कागदावर मांडा. घरातल्या बाईचा बचत गट असेल तर तिथलं कर्ज सावकारापेक्षा बरं पडतं.

हात रिकामा तर हुन्नर वाढवा

काम कमी असतानाच शेजारचं मशीन शिकायला वेळ मिळतो. दोन मशीन चालवणारा माणूस सोडताना सुपरवायझर दोनदा विचार करतो. वेल्डिंग, वायरिंग, मोटार रिवाइंडिंग, सीएनसी यांसारखं काही तालुक्याच्या आयटीआयत शिकता येतं का, याची चौकशी करा. गावात पंप दुरुस्त करणाऱ्याला मंदीतही बोलावणं येतं.

शिकल्यावर नोकरी टिकेलच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नोकरी गेलीच तर दुसऱ्या दारात रिकाम्या हाताने उभं राहावं लागत नाही.

एवढं करूनही जीव घाबरा होत असेल तर

झोप उडणं, जेवण न जाणं, सारखी चिडचिड, दारू वाढणं, ‘आता जगून काय उपयोग’ असे विचार येणं... याला कमकुवतपणा समजू नका. अशा वेळी १४४१६ या टेलिमानस हेल्पलाईनवर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं. सोबतचा कामगार एकदम गप्प झाला असेल तर चहाला थांबवून त्याला विचारा. तो ‘काही नाही’ म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.