विश्लेषण : दहा राष्ट्रीय विक्रम, तरी जागतिक पदक दूरच… अविनाश साबळेची कारकीर्द इतकी चढ-उतारांची का?

मोनाको येथील डायमंड लीग स्पर्धेत जुलै २०२५ मध्ये अविनाश साबळे पाण्याच्या अडथळ्यावर पडला आणि त्याला शर्यत अर्धवट सोडावी लागली. पुढे गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. टोक्योत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १३ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या त्याच्या ३१व्या वाढदिवशी सुरू झाली. पात्रता मिळवूनही साबळे तिथे नव्हता. त्याच्या वाटचालीत असा धक्का नवा नाही.

सुरुवात कुठून?

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे साबळेचे गाव. आई-वडील शेतकरी. घरची परिस्थिती बेताची असल्याने शाळेत पायीच जायचे आणि उशीर झाला की पळत. बारावीनंतर तो लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, तो धावपटू होण्यासाठी नव्हे, तर नोकरीसाठी. सियाचिनची थंडी आणि राजस्थानचे ऊन अनुभवल्यानंतर २०१५ मध्ये तो लष्करांतर्गत क्रॉस कंट्री शर्यतीत उतरला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले.

पहिला धक्का आणि पहिला विक्रम एकाच वर्षी?

होय. घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील स्थान हुकले. मात्र त्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देत गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. तिथून २०२४ पर्यंत हा विक्रम त्याने दहा वेळा उंचावला. आता तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आहे. फरक सुमारे २० सेकंदांचा. सोप्या शब्दांत, २०२४ चा साबळे २०१८ च्या साबळेला जवळपास १२० मीटर मागे टाकेल.

मग जागतिक पदक का नाही?

कारण घड्याळ आणि क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोहा येथे २०१९ च्या जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या गोंधळात तो अडखळला. भारताने दाद मागितल्यावर त्याला अंतिम फेरीत स्थान मिळाले. तिथे तो राष्ट्रीय विक्रमासह १३वा आला. टोक्यो ऑलिम्पिकमध्ये पुन्हा राष्ट्रीय विक्रम केला, पण प्राथमिक शर्यतीत सातवा आल्याने बाहेर पडला. बाद झालेल्यांमध्ये त्याचीच वेळ सर्वोत्तम होती.

बुडापेस्ट येथे २०२३ मध्ये नियम अधिक कडक झाला. प्रत्येक प्राथमिक शर्यतीतील पहिले पाचच पुढे जाणार, वेळेच्या आधारे कुणालाही संधी नाही. साबळे पुन्हा सातवा आला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मात्र नेमके पाचवे स्थान मिळवत, ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. महिलांमध्ये साताऱ्याच्या ललिता बाबरने २०१६ मध्येच रिओत हे साधले होते. अंतिम शर्यतीत साबळे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांसह ११वा आला. विजेत्या सुफियान एल बक्कालीची वेळ होती ८ मिनिटे ६.०५ सेकंद. कांस्यपदकही ८ मिनिटे ६.४७ सेकंदांवर गेले. म्हणजे स्वतःचा विक्रम गाठूनही साबळेला पदक मिळाले नसते.

सर्वात मोठे यश कोणते?

बर्मिंगहॅम येथील २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा. तिथे त्याने रौप्यपदक मिळवले. केनियाच्या अब्राहम किबिवोतपेक्षा तो अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे राहिला. राष्ट्रकुलमधील या शर्यतीत केनियाबाहेरच्या पुरुष धावपटूला १९९४ नंतर प्रथमच पदक मिळाले. पुढच्याच वर्षी हांगझो येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण आणि ५००० मीटरचे रौप्य जिंकले. हे सुवर्ण बुडापेस्टच्या अपयशानंतर दोन महिन्यांच्या आत आले. मे २०२५ मध्ये गुमी येथे आशियाई अजिंक्यपदही त्याने पटकावले.

ताजी दुखापत अधिक गंभीर का?

या शर्यतीत २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते आणि तो धक्का लागला तरी पडत नाही, पडतो तो धावपटू. साबळेच्या गुडघ्यातील ‘एसीएल’ हा अस्थिबंध आणि मेनिस्कस ही कूर्चा दुखावली. एसीएल मांडीचे आणि नडगीचे हाड जागेवर धरून ठेवतो, तर मेनिस्कस धक्का शोषून घेतो. उडीनंतर जमिनीवर पाय टेकताना या दोन्हींची कसोटी लागते. अशा शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत होण्यास साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. शिवाय गुडघा बरा झाला, तरी पाण्याच्या अडथळ्यावर पूर्वीसारखे बिनधास्त पाऊल टाकण्याचा विश्वास परत यावा लागतो.

पुढे काय?

जपानमधील आयची-नागोया येथे सप्टेंबर २०२६ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा आहे. तिथे सुवर्ण राखण्याचे आव्हान साबळेपुढे असेल. तिशी ओलांडल्यावर परतीचा प्रवास सोपा नसतो. मात्र २०१८ ची दुखापत असो वा २०२३ चे अपयश, साबळेने प्रत्येक वेळी त्याच वर्षी उत्तर दिले होते. या वेळी त्याला अधिक काळ थांबावे लागेल, एवढाच फरक आहे.