लहान मुलांची रात्रीची ओकारी

दीड-दोन वर्षांचे मूल मध्यरात्री उठून भडाभडा ओकते, सकाळी मात्र अंगणात खेळू लागते. आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. घरातील वडीलधाऱ्या बायका दृष्ट काढतात. काढोत बापड्या, त्याने अपाय नाही. परंतु पोट रिकामे झाले म्हणून लगेच पेलाभर दूध पाजण्याची जी घाई होते, ती आम्हांस घातक वाटते. खवळलेले पोट ते दूधही परत फेकते.

ओकताना मुलास कुशीवर वळवावे. नंतर दहा मिनिटे काहीच देऊ नये. मग क्षारसंजीवनीचे पाणी दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजावे. एक लिटरची पुडी असेल तर सबंध पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावी, अंदाजाने अर्धी घालू नये. या साध्या पाण्याची थोरवी मोठी आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने शेकडा ३० रोगी दगावत होते, डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पाजून ते प्रमाण शेकडा ४ च्या आत आणले.

झोपताना बाटलीभर दूध किंवा खोकल्याची उबळ, ही नेहमीची कारणे. म्हणून भगिनींनी तारीख, वेळ, जेवण व खोकला वहीत टिपून ती डॉक्टरांस दाखवावी. ओकारी हिरवी वा रक्तमिश्रित असेल, मूल सुस्त पडले असेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, तर उजाडण्याची वाट पाहू नये. रोज पहाटे उठताच ओकारी होते आणि चालही डळमळते, असे दिसल्यास मेंदूची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.