पंचगंगेचे पाणी

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. मुलांनो, ती कोल्हापुरास पाणी देते. कोल्हापूर तिला काय देते? जयंती नाल्यातून सांडपाणी! सूक्ष्म जंतू ही घाण खातात खरे, पण तसे करताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवितात. मग मासे गुदमरतात. काविळीसारखे रोगही अशा पाण्यातूनच पसरतात. २०१२ साली नदीकाठच्या इचलकरंजीत काविळीने अनेकांचे बळी घेतले. नागरिक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आता नाल्याचे पुष्कळसे पाणी उपसून कसबा बावड्याच्या केंद्रात नेतात. तेथे हवा खेळवून जंतूंकडून ती घाण आधीच खाववितात. मोठ्या पावसात मात्र नाला बांध ओलांडून नदीस मिळतो.